दुसऱ्यांचं सामान जांगड घेऊन ऑनलाइन विकायचंय? मग क्रम चुकवू नका

जांगड म्हणजे विकली गेली तर पैसे, नाहीतर वस्तू परत, या बोलीवर घेतलेला माल. कोल्हापुरात हा धंदा सुरू करणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी इन्स्टाग्रामचं पान, मग लोगो, मग सगळ्या ग्रुपवर मेसेज: "घरात पडून असलेल्या वस्तू द्या, विकून देतो." आठ दिवसांत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. कुठली समई कुणाची, किती कमिशन ठरलं, कुणी किती दिवसांसाठी दिली, सगळं डोक्यात. पहिली चार गिऱ्हाइकं मिळेपर्यंत हे खपतं. पाचव्या वेळी मालक म्हणतो, "मी तर आठ हजार सांगितले होते," आणि तुमच्याकडे दाखवायला कागद नसतो.

यात विक्री अवघड नाही, हिशेब अवघड आहे. शाहू मार्केट यार्डातला अडत्या गूळ स्वतःचा विकत नाही, शेतकऱ्याचा विकतो. आवक लिहितो, सौदा काढतो, खर्च वजा करून पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, हातात देतो. तुम्हाला तेच काम साडी, भांडी, कॅमेरा, पाळणा यांच्यासाठी करायचंय. म्हणून पुढच्या पायऱ्यांत फोटो बराच उशिरा येतो.

१. काय घ्यायचं आणि काय दारातूनच परत पाठवायचं

सुरुवातीला दोनच प्रकार निवडा, तेही तुम्हाला पारख असलेले. साड्या कळत असतील तर साड्या आणि तांब्या-पितळेची भांडी. कॅमेरे कळत असतील तर कॅमेरे आणि वाद्यं. "काहीही द्या" म्हटलं की लोक खरंच काहीही देतात.

वस्तू किमान हजार रुपयांना जाणार नसेल तर घेऊ नका. तीनशेच्या कुर्त्याला धुणं, फोटो, चौकशीची उत्तरं आणि पॅकिंग यांचा वेळ तीन हजारांच्या साडीइतकाच लागतो.

काही वस्तू मात्र ओळख कितीही जवळची असली तरी घ्यायच्या नाहीत. संस्थानच्या काळातल्या वाड्यांतून अजूनही शिकारीच्या खुणा निघतात: वाघाचं कातडं, सांबराची शिंगं, हस्तिदंती मूठ. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे यांची विक्री गुन्हा आहे. "आजोबांच्या वेळचं आहे" हे उत्तर तिथं चालत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, नाणं किंवा कोरीव काम पुरावशेषात मोडतं. पोथी, हस्तलिखित असेल तर मर्यादा ७५ वर्षांची. त्यांचा व्यापार पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ खालच्या परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवणं तर दूरच. तलवारी, जांबिये नकोत. "फर्स्ट कॉपी" घड्याळ किंवा पर्स नको, कारण बनावट ब्रँड विकल्याचा खटला विकणाऱ्यावर होतो आणि विकणारे तुम्ही.

सोनंही सुरुवातीला नको. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन मालक स्वतः मोड घालू शकतो, भावही त्याला रोज कळतो. तुमच्या घरी दागिना ठेवायचा म्हणजे चोरीची भीती, आणि कुरिअरवाले सहसा घेत नाहीत.

> सावध: जुना मोबाइल घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. केवायएम (इंग्रजीत KYM) लिहून एक जागा सोडून तो क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर फोन तिथल्या तिथे परत. चोरीचा माल जाणूनबुजून जवळ ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतं, आणि आपल्याला ठाऊक नव्हतं हे सांगायला तुमच्याकडे नोंद असावी लागते.

२. जागा: पावसाळा गृहीत धरून

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळीच्या भागात तळमजल्यावर दुसऱ्याचा माल ठेवणं म्हणजे जुलैत झोप घालवणं. भाडं थोडं जास्त पडलं तरी पहिला मजला घ्या.

पूर नाही आला तरी दमट हवा आहेच. जून ते सप्टेंबर चामड्याला बुरशी धरते, चांदी काळी पडते, कॅमेऱ्याच्या लेन्सवर जाळी येते. रेशीम सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत.

करार अधिनियम १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे सांभाळायला घेतलेल्या वस्तूची, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. कलम १५४ तर अनेकांना माहीतच नसतं. वस्तू ठरल्याबाहेर वापरली आणि नुकसान झालं तर भरपाई तुमच्यावर. जांगड आलेली पैठणी घरच्या लग्नात "एकदाच" नेसायला देऊ नका. फोटोत दिसते.

३. नोंदणी, खातं, कर

शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची, सूचना ऑनलाइन देता येते. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही, ही सूचना पुरते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

बँकेत वेगळं चालू खातं उघडा आणि क्यूआर त्याचाच लावा. आलेल्या सहा हजारांतले चार-साडेचार हजार मालकाचे असतात. ते घरच्या खात्यात पडले की किराणा आणि हप्त्यात विरघळतात. या धंद्यातली बहुतेक "फसवणूक" इथूनच सुरू होते. माणूस लबाड नसतो, खातं एक असतं.

जीएसटीचा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवा. बिल कुणाच्या नावानं निघणार, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही नुसते मध्यस्थ असाल, सौदा मालक आणि गिऱ्हाइकामधला असेल, तर तुमची उलाढाल म्हणजे कमिशन; सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. बिल तुमच्या नावानं काढलं तर मालाची पूर्ण किंमत तुमच्या उलाढालीत धरली जाऊ शकते. फक्त माल विकणाऱ्यांना महाराष्ट्रात मर्यादा ४० लाखांची आहे, पण राज्याबाहेर माल विकला की, हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या तर, ती मर्यादा गळून पडते. आपल्याकडे हे फार जवळचं आहे. गडचिरोलीला पाठवलेलं पार्सल राज्यातलं, आणि ४० किलोमीटरवरच्या निपाणीला पाठवलेलं परराज्यातलं.

आणखी एक गाठ: महाद्वार रोडवरचा जीएसटी असलेला दुकानदार पडून राहिलेला माल विकायला देतो म्हणाला, तर त्याच्या वतीनं विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागते. पहिले काही महिने घरगुती मालकांपुरतं राहा. जुन्या मालावर पूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय कायद्यात आहे, मात्र ती माल विकत घेऊन विकणाऱ्यासाठी. तुमच्या पद्धतीला ती बसते का, हे कर सल्लागाराकडून लिहून घ्या. तोंडी सल्ला नको.

मालकाच्या बाजूनं विचारलं जाईल म्हणून: स्वतःच्या वापरातले कपडे, फर्निचर विकलं तर भांडवली नफ्याचा कर नसतो. दागिने, चित्रं, शिल्पं यांना ही सूट नाही.

४. करारनामा: माल येण्याआधी

एक पान पुरतं, मराठीत. वकिलाकडून एकदा मसुदा तपासून घ्या आणि मग तोच वापरा. त्यात हे असायलाच हवं: वस्तू आपल्या मालकीची असून विकायचा अधिकार आपल्याला आहे हे मालकाचं लेखी म्हणणं; कमिशन किती टक्के आणि कशावर; कमीत कमी किंमत, म्हणजे जिच्याखाली विचारल्याशिवाय विकायचं नाही; मुदत; धुलाई, दुरुस्तीचा खर्च कुणाचा; वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई किती; पैसे कधी; आणि न विकलेला माल किती दिवसांत न्यायचा.

"कशावर" हे वेगळं लिहिलंय ते मुद्दाम. साडी ६,००० ला गेली, ड्रायक्लीनिंगला ३५० गेले, कमिशन ३० टक्के. पूर्ण किमतीवर कमिशन १,८००, मालकाला ३,८५०. खर्च वजा करून उरलेल्या ५,६५० वर धरलं तर कमिशन १,६९५, मालकाला ३,९५५. फरक १०५ रुपयांचा, पण नात्यात वितुष्ट यायला तेवढे पुरतात. करारात असंच एक उदाहरण आकड्यांसह छापून टाका.

टक्केवारी माझ्या मते उतरती ठेवावी. दोन हजारांपर्यंत ४०, दहा हजारांपर्यंत ३०, त्यावर २० ते २५. "विकून दिलंस की बघू" या बोलीवर एकही वस्तू घेऊ नका, मामेभावाची असली तरी. खरं तर मामेभावाची असली तर मुळीच नको.

ओळखपत्र घ्या, पण आधारची पूर्ण प्रत नको. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरतं.

> सावध: वडिलोपार्जित माल आला की एकच प्रश्न विचारा: वाटणी झालीय का? शिवाजी पेठेतल्या वाड्यातला तांब्याचा बंब थोरला भाऊ घेऊन येतो, फोटो फिरतो आणि संध्याकाळी इस्लामपूरहून बहिणीचा फोन येतो, "तो माझ्या आईचा आहे." सगळ्या वारसांची सही नसेल तर बंब परत. नवरा बायकोच्या साड्या किंवा चांदी घेऊन आला तरी वहिनींशी स्वतः बोला.

५. माल दाखल करणं

इथं घाई झाली की पुढचं सगळं घसरतं. वस्तू मालकासमोर तपासायची, मालक गेल्यावर नाही.

पैठणी घ्या. दिवसाच्या उजेडात पूर्ण उलगडा. घडीच्या रेषांवरून बोट फिरवा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम तिथंच विरतं आणि हलक्या ताणानंही चिरतं. फॉल लावलेल्या कडेला आतून बघा, निऱ्यांपाशी घामाचे डाग शोधा. मग पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोर उलट्या बाजूनंही जवळजवळ तसाच स्वच्छ दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कातरलेले असतील तर ती यंत्रमागाची. यंत्रमागाची असणं गुन्हा नाही, तिला हातमागाची म्हणणं आहे. मालकीण "वीस हजारांची आहे हो, येवल्याहून आणलेली" म्हणाल्या तरी पदर जे सांगतो तेच लिहायचं. आणि सोन्याचांदीच्या तपासणीच्या दाखल्याशिवाय "अस्सल जर" हे दोन शब्द वर्णनात येऊ देऊ नका.

भांड्यांचं वेगळं. चुंबक लावा, चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. वजन करा, बूड ठोकून ठिगळ शोधा, पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवा. आतली कल्हई गेली असेल तर तसं लिहा. चिंच-मीठ लावून लगेच लखलखीत करायची घाई नको, जुन्या भांड्यांची पारख असलेल्या काहींना तो काळपट रंगच हवा असतो. गिऱ्हाइकाला विचारून मग घासा.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या (मालक १२, वस्तू ३ म्हणजे १२-३), तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून दोऱ्यानं बांधा. चिकटपट्टी रेशमावर आणि पॉलिशवर कधीच नको. जांगड वहीत तारीख, वर्णन, दोष, वजन-माप, किमान किंमत लिहून मालकाची सही घ्या आणि पावतीची एक प्रत द्या. वही कागदी ठेवा, सोबत शीट हवी तर ठेवा. मोबाइल पाण्यात पडतो.

> तपासा: पावतीवर दोष लिहिलेत का? "पदराला दीड इंच चीर" हे आज लिहिलं नाही, तर परत देताना ती चीर तुम्ही पाडलेली असते.

६. भाव ठरवणं

मालक खरेदीची किंमत आणि आठवण मिळून बोलतो. गिऱ्हाईक आजची नवी वस्तू कितीला मिळते ते बघून बोलतं. तुमचं काम या दोघांच्या मध्ये उभं राहणं आहे आणि ते पहिल्याच भेटीत केलेलं बरं.

ओएलएक्सवर दिसणारे आकडे मागणीचे असतात, सौद्याचे नव्हेत. तीच जाहिरात महिनाभर लटकलेली दिसली तर तो भाव चालत नाही एवढं कळतं. भांड्यांना तळ असतो, मोडीचा भाव. भांडी बाजारात किलोला काय देतात ते त्याच दिवशी विचारा आणि मालकाला सांगा. कमिशन जाऊन त्याच्या हातात मोडीपेक्षा जास्त पडत नसेल तर त्याला मोडीलाच पाठवा; तो पुढच्या वेळी नक्की तुमच्याकडे येतो.

मांडलेला भाव किमान किमतीपेक्षा १५-२० टक्के वर ठेवा. घासाघीस होणारच. किंमत कधी आणि किती उतरवायची हेही आधीच लिहून घ्या, उदाहरणार्थ ३० दिवसांनी १० टक्के. दर वेळी फोन करून "वहिनी, अजून पाचशे कमी करू का?" विचारण्यात दोघांचाही वैताग वाढतो.

७. फोटो आणि वर्णन

खिडकीजवळ, सकाळी, साध्या भिंतीपुढे. फिल्टर नको, कारण रंग वेगळा दिसला म्हणून परत येणाऱ्या साड्या हाच सगळ्यात मोठा तोटा. दोषाचा फोटो वेगळा आणि जवळून. आकार कळायला शेजारी मोजपट्टी ठेवा.

वर्णनात माप, वजन, वय, दोष आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही". मालकाचं नाव, पत्ता, आडनाव कुठंही येऊ देऊ नका. भांड्यावर कोरलेलं नाव फोटोत दिसणार असेल तर आधी मालकाला विचारा. आपल्या गावात दोन तासांत कळतं की कुणाकडची भांडी विकायला निघालीत.

कुठं मांडायचं? जड फर्निचर, झोपाळे, शिवणयंत्रं ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर, गिऱ्हाईक येऊन नेईल असं. साड्या आणि भांडी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगवर. वस्तू गेली की सगळीकडून त्याच मिनिटाला काढा. एकच समई दोघांना विकली गेली तर तुम्ही दुसरी आणणार कुठून?

८. गिऱ्हाईक आणि पैसे

न बघता लगेच पूर्ण भाव मान्य करणारा, स्वतःला लष्करातला म्हणवणारा, ओळखपत्राचा फोटो आपणहून पाठवणारा आणि "पैसे यायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा, हे सगळे एकच गिऱ्हाईक असतं. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय खोका बांधू नका. फसलात तर लगेच १९३० ला फोन, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

रोखीत दोन लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेऊ नका, कायद्यानं बंदी आहे. घरी बघायला येणाऱ्यांना मालकाच्या घरी पाठवू नका, तुमच्या जागेवर बोलवा.

९. पाठवणी

कुरिअरचं बिल वजनावर येतं असं समजणाऱ्यांना पहिलं घंगाळ धडा शिकवतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० नं भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर बिल त्याचं. चार किलोचं घंगाळ ४५ × ४५ × ३० च्या खोक्यात घातलं की हिशेब १२ किलोंवर जातो. म्हणून खोका ठरवून मग कुरिअरचा खर्च सांगा, उलट नको.

पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा: वस्तू, दोष, क्रमांकाची चिठ्ठी, खोका बंद, पत्त्याचं लेबल. गिऱ्हाइकालाही उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा. महागाच्या पार्सलचा विमा उतरवा. अतिवृष्टीत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की माल अडकतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचायची तारीख शब्द देऊन सांगू नका.

"नो रिटर्न" लिहिलं म्हणजे सुटलात असं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यावीच लागते. नीट लिहिलेला दोष तुम्हाला वाचवतो तो इथं.

१०. पट्टी आणि उरलेला माल

मालकाला पैसे विक्रीच्या दिवशी देऊ नका. परतीची मुदत संपू द्या, पार्सल पोहोचल्यावर सात दिवस धरा, मगच. आधी दिले आणि साडी परत आली तर मालकाकडून पैसे मागणं म्हणजे दारात तीन फेऱ्या आणि "खर्च झाले की हो दादा".

महिन्यातल्या दोन तारखा ठरवा, समजा ५ आणि २०. पट्टीवर वस्तूचा क्रमांक, विक्रीची तारीख, किंमत, खर्च (बिलासह), कमिशन, निव्वळ रक्कम. पैसे बँकेतून द्या, आणि विकलं काहीच नसलं तरी त्या तारखेला मेसेज करा. गप्प राहिलात की मालक समजतो, वस्तू गेली आणि पैसे दाबले.

> तपासा: प्रत्येक पट्टीच्या दिवशी वही, कपाट आणि खातं जुळवा. वहीत "शिल्लक" असलेली प्रत्येक वस्तू हात लावून बघा. नुसता आकडा जुळणं पुरेसं नाही.

मुदत संपत आली आणि वस्तू गेली नसेल तर पंधरा दिवस आधी कळवा. न्यायला या म्हणून पहिला मेसेज, मग लेखी पत्र, पोच घेऊन. करारात दिवसाला ठेवणावळ लिहिली असेल तरच मागा. कुणी चार महिने आलं नाही म्हणून वस्तू मोडीत घालू नका, दानही करू नका. ती अजून त्यांचीच आहे. परत देताना दाखल करतानाची पावती समोर ठेवा, दोष एकेक दाखवा, "माल मिळाला, तक्रार नाही" अशी सही घ्या आणि वहीतल्या त्या ओळीवर तारखेसह आडवी रेघ मारा.